तत्त्वग्रंथाने काय पालटते?



पाकशास्त्राचे पुस्तक वाचले तर एखादे नवे पक्वान्न करता येते. वैद्यकाचे वाचले तर पथ्यपाणी कळते. कायद्याचे वाचले तर निदान वकिलासमोर चार शब्द बोलण्याइतका धीर येतो. तत्त्वज्ञानाचे पुस्तक वाचून काय येते? हा प्रश्न मला काही दिवसांपूर्वी बारामती तालुक्यातील वडगाव निंबाळकरच्या एका वयोवृद्ध बागायतदारांनी विचारला, आणि तो असा विचारला की, त्याला नुसते पुस्तकी उत्तर देण्याची सोयच राहू नये. ते म्हणाले, “गीतारहस्य आमच्या वडलांपासनं घरात आहे. पण ते वाचलं म्हणून कालव्याची पाळी एक दिवस तरी आधी येती का, सांगा.”

येत नाही, हे उघड आहे. तो सारा प्रदेश अवर्षणाचा. पाऊस सह्याद्रीच्या माथ्यावर पडून मोकळा होतो आणि बारामतीकडे येईतो त्याची झोळी रिकामी झालेली असते. नीरेचा डावा कालवा आला म्हणून तेथे ऊस दिसतो. भाटघर आणि वीर येथील धरणांतून पाणी सुटावे, ते वाटेतल्या गावांना पुरून उरावे, पाटकऱ्याने आपली पाळी धरावी, तेव्हा कोठे रात्री-अपरात्री शेताच्या दंडाला ओल लागावयाची. या साखळीतील एकही कडी गीतारहस्याच्या वाचनाने हलत नाही. मग हलते काय? आजच्या भाषणात मला एवढ्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे, आणि तो हवेत न करता प्रत्यक्ष एका ग्रंथाच्या आधारे करावयाचा आहे. ग्रंथ अर्थात त्या गृहस्थांच्या फडताळातलाच घेतो.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो. तत्त्वविचार म्हणजे शहरातील शिकलेल्या मंडळींचा छंद, खेड्यातील माणसास त्याचे काय, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. ती बारामतीच्या बाबतीत तरी खरी ठरणार नाही. पन्हाळ्यास 1729 साली जन्मलेले मोरोपंत पराडकर बारामतीस नाइकांच्या आश्रयाने राहिले, पुराणिक म्हणून पुराण सांगत आणि आर्या रचीत त्यांनी आयुष्य घालविले, आणि 1794 साली तेथेच देह ठेवला. तुकोबांची पालखी दरवर्षी बारामती-इंदापूरवरूनच पंढरीस जाते. कर्म, दैव, वैराग्य, मोक्ष हे शब्द त्या भागातील निरक्षर माणसानेही पिढ्यान् पिढ्या कानांनी ऐकलेले आहेत. छापील ग्रंथ आला तो अशा भिजलेल्या जमिनीवर. म्हणूनच त्याने काय निराळे केले, हे नीट पाहिले पाहिजे.

गीतारहस्याची जन्मकथा पुष्कळांना ठाऊक असते. तथापि तिचा आरंभ बहुधा चुकीच्या ठिकाणी केला जातो. ती मंडालेच्या तुरुंगात सुरू झाली नाही. ती 1872 साली सुरू झाली. टिळकांचे वडील गंगाधरपंत अखेरच्या दुखण्याने अंथरुणास खिळले होते, आणि सोळा वर्षांच्या मुलाकडे त्यांना गीतेवरील एक प्राकृत टीका वाचून दाखविण्याचे काम आले. गीतेशी आपला पहिला परिचय असा झाला, हे टिळकांनी स्वतःच प्रस्तावनेत नमूद करून ठेवले आहे. त्या वयात ग्रंथाचा मर्मार्थ कळणे शक्य नव्हते. पण मनावर ठसा उमटला, आणि पुढे संस्कृत टीका व इंग्रजी ग्रंथ वाचू लागल्यावर एक शंका डोके वर काढू लागली. युद्ध करावे की सोडून जावे या पेचात सापडलेल्या योद्ध्यास जो उपदेश केला, आणि जो ऐकून तो अखेर लढावयास उभा राहिला, त्या उपदेशाचे तात्पर्य संसार सोडून मोक्षाची वाट धरणे हे कसे असेल? थोर थोर आचार्यांनी तर तसेच म्हटले होते.

ही शंका त्यांनी सुमारे अडतीस वर्षे जवळ बाळगली. मध्यंतरी शाळा काढली, महाविद्यालय उभारले, वर्तमानपत्रे चालविली, दुष्काळ व प्लेग पाहिले, दोनदा तुरुंगवासही भोगला. 1908 च्या जुलैमध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि बावन्न वर्षांच्या, मधुमेहाने गांजलेल्या या गृहस्थास ब्रह्मदेशातील मंडाले येथे नेऊन ठेवण्यात आले. तेथे लिहिण्याची मुभा मिळाली ती कशी, तेही ऐकण्यासारखे आहे. सुटे कागद मिळावयाचे नाहीत; पाने मोजून त्यांवर आकडे घातलेल्या बांधीव वह्या मिळावयाच्या. शाई नाही, फक्त शिसपेन. अशा वह्यांतून 1910-11 च्या हिवाळ्यात, चारपाच महिन्यांत, गीतारहस्याचा खर्डा पुरा झाला. इतका मोठा ग्रंथ इतक्या थोड्या काळात कसा झाला, याचे आश्चर्य करण्याचे कारण नाही. तो अडतीस वर्षे लिहिला जात होता. कागदावर उतरावयास तेवढे चार महिने लागले.

1914 च्या जूनमध्ये सुटका झाली, पण वह्या सरकारने तपासणीसाठी ठेवून घेतल्या. त्या परत येतील की नाही, या चिंतेने मंडळी व्याकूळ झाली असता टिळक म्हणाले, वह्या सरकारजवळ असल्या तरी ग्रंथ माझ्या डोक्यात आहे, सिंहगडावर बसून पुन्हा लिहून काढीन, असे सांगतात. वह्या परत आल्या आणि 1915 च्या जूनमध्ये ग्रंथ पुण्यास प्रसिद्ध झाला.

आता ग्रंथात आहे काय? पंधरा प्रकरणे, परिशिष्ट, आणि मग मूळ गीतेचे भाषांतर व टिपा, असा त्याचा विस्तार आहे. सांख्य आहे, वेदांत आहे, विश्वाची उभारणी आणि संहारणी आहे. त्या साऱ्याचा आढावा घेण्याची ही जागा नव्हे. आपल्या प्रश्नापुरते पाहावयाचे तर दुसरे, चौथे आणि अकरावे ही प्रकरणे पुरेशी आहेत, आणि त्यांतही माझे मन दुसऱ्यावर, म्हणजे ‘कर्मजिज्ञासे’वर, अधिक बसले आहे.

या प्रकरणात टिळक काय करतात? आपणास वाटते, अर्जुनाचा पेच हा अर्जुनाचाच. ते म्हणतात, नव्हे, हा पेच सर्वत्र आहे. आणि दाखला देतात तो कोणाचा? शेक्सपियरच्या हॅम्लेटचा. बापाच्या खुनाचा सूड घ्यावा तर खुनी आपला चुलता आणि आता आईचा नवरा, या विचाराने ज्याचे डोके फिरले, तो डेन्मार्कचा राजपुत्र. मग कोरिओलेनस : ज्या रोमने हाकलून दिले त्याच रोमवर शत्रूचे सैन्य घेऊन आला, आणि वेशीपाशी आईच आडवी आली. मग आपल्याकडचा विश्वामित्र, ज्याने बारा वर्षांच्या दुष्काळात प्राण वाचविण्यासाठी निषिद्ध मांस चोरून खाण्याचे ठरविले. सत्य बोलावे, हिंसा करू नये, चोरी करू नये, हे नियम सर्वांना ठाऊक आहेत; दोन नियम एकमेकांसमोर उभे ठाकले म्हणजे काय करावे, हा खरा प्रश्न. एखाद्या कारकुनास, एखाद्या सुनेस, एखाद्या शेतकऱ्यास आपली नित्याची कुचंबणा ही हॅम्लेटच्या आणि अर्जुनाच्या पंक्तीस बसण्याजोगी आहे असे प्रथमच कळते, तेव्हा त्याच्या दृष्टीत काही फरक पडत नाही असे कोण म्हणेल? आपले दुःख क्षुद्र नाही, ते विचार करण्याच्या योग्यतेचे आहे, ही जाणीव हा तत्त्वग्रंथाचा पहिला लाभ. पुष्कळांना एवढाच मिळतो, आणि तोही थोडा नव्हे.

पुढे चौथ्या प्रकरणात ते बेंथॅम, मिल्ल यांच्या सुखवादाकडे वळतात. पुष्कळांचे पुष्कळ सुख ज्यात ते कर्म चांगले, ही त्या पक्षाची कसोटी. ऐकावयास किती सोयीची! टिळक तिला अमेरिकेतील एका शहराचा दाखला लावून पाहतात. तेथे ट्रामगाडीची फार आवश्यकता होती, सरकारी मंजुरीस विलंब लागत होता. तेव्हा ट्रामच्या चालकाने अधिकाऱ्यांना लाच दिली, मंजुरी लवकर मिळाली, गाडी सुरू झाली आणि सर्व शहराची सोय झाली. पुढे गोष्ट उघडकीस आली आणि त्या गृहस्थावर खटला झाला. लोकांचे सुख तर वाढलेच होते. मग कृत्य वाईट का? कारण कर्माची पारख त्याच्या बाह्य परिणामावरून पुरी होत नाही, कर्त्याची बुद्धी कशी आहे हे पाहावे लागते. बुद्धी शुद्ध आणि सम झाली पाहिजे, आणि ती तशी झाल्यावरही कर्म सोडावयाचे नाही. लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाजाची घडी नीट राहावी म्हणून, ते मरेपर्यंत करावयाचे. हा गीतारहस्याचा गाभा. ‘संन्यास व कर्मयोग’ या अकराव्या प्रकरणात याच मुद्द्यावर त्यांनी पूर्वाचार्यांशी वाद मांडला आहे, आणि तो ज्या सडेतोडपणे मांडला आहे त्यामुळे शास्त्रीमंडळींपैकी पुष्कळांना तो रुचला नाही.

आता वडगावच्या त्या प्रश्नाकडे येऊ. आडसाली ऊस लावला म्हणजे दीड वर्ष जाते. बेण्याची निवड, लागणीची वेळ, खत, खुरपणी हे हातातले. धरणातील साठा, पाण्याची पाळी, कारखान्याची तोड केव्हा यावयाची, भाव काय ठरावयाचा, हे हातातले नव्हे. मनुष्य दीड वर्ष या दुसऱ्या गोष्टींची काळजी वाहतो आणि त्या काळजीपायी पहिल्या गोष्टी बिघडवितो. अशा मनुष्याच्या घरी पूर्वीची शिकवण दोन वाटा दाखवीत असे. एक, दैवावर हवाला ठेवून स्वस्थ बसावे. दुसरी, हा सारा संसारच खोटा, कधी सुटतो ते पाहावे. दोहोंतही शेत हे ओझेच. गीतारहस्य येथे प्रश्नच पालटते. ‘यातून माझी सुटका केव्हा?’ याऐवजी ‘हे काम मी कोणत्या बुद्धीने करीत आहे?’ असे विचारावयास ते लावते. पाणी त्याच दिवशी येते. पण रात्री दोन वाजता कंदील घेऊन बांधावर उभा असलेला मनुष्य पाळीची वाट पाहत असतानाच शेजाऱ्याचा दंड फोडावयाचा की नाही हे ठरवीत असतो, आणि त्या ठरविण्यास आता तो आपल्या जीवनातील मुख्य गोष्ट समजतो. मी त्या गृहस्थांना हेच सांगितले. ते हसले आणि म्हणाले, “म्हंजे पाणी नाही, पाण्याचं भांडण बदलतंय.” यापेक्षा नेटके मला सांगता आले नसते.

परंतु येथे एक मोठा धोका आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. फळाची आसक्ती सोडावी, हे वाक्य स्वतःशी बोलण्याचे आहे. ते दुसऱ्यास ऐकविले की त्याचे विष होते. बीड-अहिल्यानगरकडील कोरडवाहू गावांतून ऊसतोडीची कुटुंबे दर हंगामात या भागात येतात, थंडीत पाचटाच्या खोपीत राहतात, पहाटे कोयता घेऊन फडात उतरतात. त्यांनी मजुरी वाढवून मागितली असता कोणी त्यांस निष्काम कर्माचा महिमा सांगू लागला, तर त्याने तत्त्वज्ञान सांगितले नाही, आपला पैसा वाचविला. कचेरीतील वरिष्ठ हाताखालच्याला, सासू सुनेला, संस्थेचा चालक अर्ध्या पगारावर राबणाऱ्या शिक्षकाला हेच ऐकवितो. ग्रंथाचा असा उपयोग आपल्या समाजात फार झाला आहे. दुसरा गैरसमज आळशांचा : फळाची पर्वा नाही म्हणजे काम कसेबसे उरकले तरी चालेल. टिळकांच्या आयुष्याकडे नुसते पाहिले तरी याचे उत्तर मिळते. आखणी, हिशेब आणि चिकाटी यांत त्यांची बरोबरी करणारे फार थोडे झाले.

आणखी एक समजूत. तत्त्वज्ञान पचले म्हणजे मनुष्य दगडासारखा होतो, त्यास दुःख होत नाही, असे पुष्कळांस वाटते. ग्रंथाचा खर्डा पुरा होऊन वर्ष उलटले होते; 1912 च्या जूनमध्ये टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यास वारल्या आणि तारेने ती वार्ता मंडालेस पोचली. भाच्यास लिहिलेल्या पत्रात त्यांनी कबूल केले की, संकटे शांतपणे सोसण्याची आपल्याला सवय आहे, तरी या आघाताने आपण पुष्कळच हादरलो. समबुद्धीवर शेकडो पृष्ठे लिहिलेला मनुष्य हे लिहितो, यात मला विसंगती दिसत नाही. मला तर ते पत्र ग्रंथाचे सोळावे प्रकरणच वाटते.

एकाच ग्रंथाने सर्वांची दृष्टी एकाच दिशेस वळते असेही नाही. गांधीजींनी त्याच गीतेत अनासक्ती आणि अहिंसा पाहिली. 1920 साली टिळकांचा आणि त्यांचा या प्रश्नावर छापील वादही झाला. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढे दर रविवारी एक याप्रमाणे अठरा अध्यायांवर प्रवचने केली, ती साने गुरुजींनी उतरून घेतली, आणि ती वाचून पुष्कळ घरांतील बायकापुरुषांना गीता प्रथमच आपलीशी वाटली. मंडालेतील पंडिती जाडी त्यात नाही. घरगुती दाखले आहेत. कोणास काय मानवेल ते ज्याच्या त्याच्या वृत्तीवर आहे.

आणि ज्यास ही वाटच मानवली नाही, अशा एका थोर वाचकाचा उल्लेख केल्यावाचून हा विषय अपुरा राहील. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गीतेवर जे लेखन केले, आणि जे त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले, त्यात टिळकांचा अर्थ त्यांनी साफ नाकारला. गीतेतील कर्म म्हणजे व्यापक अर्थाने कर्तव्यकर्म नव्हे, तर मीमांसकांचे यज्ञादी कर्म होय, आणि चातुर्वर्ण्यास तात्त्विक आधार देणे हे त्या ग्रंथाचे कार्य होय, असे त्यांचे म्हणणे. स्वधर्म म्हणजे जन्माने वाट्यास आलेले काम, असा अर्थ ज्यांच्यावर शतकानुशतके लादला गेला, त्यांच्या बाजूने हा आक्षेप आलेला आहे. त्यास टिळकांचा भक्त म्हणून मान फिरविणे योग्य नव्हे. निदान एवढे तरी मान्य केले पाहिजे की, कालव्यावरील बागायतदारास जो ग्रंथ मोकळे करतो तोच फडातील मजुरास बांधू शकतो.

मात्र त्यांच्याही आयुष्यात एका पुस्तकाचे स्थान आहे, आणि त्याची हकीकत त्यांनीच सांगितली आहे. वडील घरात रामायण-महाभारत वाचावयास लावीत. ते का, असे मुलाने विचारले, तेव्हा वडील म्हणाले, आपण अस्पृश्य, तुझ्या मनात न्यूनगंड येऊ नये म्हणून. द्रोण, कर्ण कोठून कोठे चढले ते पाहा. या उत्तराने मुलाचे समाधान झाले नाही. अशा मनःस्थितीत, शाळकरी वयात झालेल्या एका सत्कारप्रसंगी, कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्याला स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र भेट दिले. पुस्तक चरित्राचे, परंतु त्याने जे केले ते तत्त्वग्रंथाचेच कार्य होते. त्या मुलाने पुढे कोलंबिया पाहिले, लंडन पाहिले, राज्यघटनेचा मसुदा केला, आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ 1957 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, बाहेर आला. बालवयात हाती आलेल्या एका पुस्तकाचे उत्तर पुरे व्हावयास जवळजवळ अर्धे शतक गेले.

दोन्ही हकीकती शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत वडील आहेत, मोठ्याने वाचलेला जुना ग्रंथ आहे, आणि मुलाच्या मनात न सुटलेली शंका आहे. निष्कर्ष परस्परविरुद्ध निघाले. परंतु पुस्तक हाती येण्यापूर्वी प्रश्न मनात होता, हे दोहोंत समान. माझे असे मत झाले आहे की, प्रश्न नसताना वाचलेला तत्त्वग्रंथ परीक्षेपुरता उरतो. वीस वर्षे व्याख्याने ऐकूनही तसूभर न हललेले गृहस्थ आपण सारेच पाहतो. त्यांचे वाचन कमी नसते, त्यांना विचारावयाचे काही नसते एवढेच.

आता थोडे व्यवहाराचे. गीतारहस्य आपल्या पुष्कळ घरांत आहे, पण कोठे आहे? देवघरात, लाल फडक्यात, दसऱ्यास गंधफूल वाहण्यापुरते. ज्यांनी उघडले त्यांपैकी पुष्कळांनी पहिल्या प्रकरणातच, ग्रंथांच्या आणि टीकाकारांच्या नामावळीत, हाय खाल्ली आणि ते पुन्हा बांधून ठेविले. अशांना माझी सूचना अशी की, दुसऱ्या प्रकरणापासून आरंभ करावा. दिवसास चार पृष्ठांहून अधिक वाचू नयेत. आपल्या घरातील किंवा कामावरील एखादा चालू पेच मनात धरून वाचावे. तो धनाचा असो, आजारपणाचा असो, की भावाभावांतील वाटणीचा असो. टिळक जेथे म्हणतील की हे उघडच आहे, तेथे थांबून ते खरोखर उघड आहे काय हे पाहावे. वकिली बाण्याचा तो लेखक आहे, आणि वाचकास रेटून नेण्याची त्याची शक्ती दांडगी आहे. सांख्याची सातवे-आठवे ही प्रकरणे कठीण वाटल्यास खुशाल ओलांडावी. अकरावे मात्र एकट्याने वाचू नये. घरातील ज्या माणसाशी आपले पटत नाही त्यास समोर बसवून मोठ्याने वाचावे. पावसाळ्यात, कालव्याला पाणी असो की नसो, त्यासाठी रात्री पुष्कळ मिळतात.